मीटरला १२ व्होल्ट दिसतात, तरी हेडलाइट लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या डाव्या हेडलाइटचा लो बीम लागत नाही. बल्ब दोनदा बदलला, फ्यूज शाबूत आहे, कपलरवर, म्हणजे बल्बमागच्या वायरींच्या प्लगवर, मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो. त्यातच उजवीकडचा डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारा दिवा, दोन आठवड्यांपासून कधी लागतो, कधी नाही. पूर्ण हेडलाइट असेंब्लीच बदलावी का?

नाही. निदान आज तरी नको. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे: १२.४ व्होल्ट दिसताहेत आणि बल्ब लागत नाही. गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना ही जोडी माझ्यासमोर इतक्या वेळा आली आहे की ती ऐकली की मी बल्बकडे बघतच नाही. आधी विचारतो, मीटरची काळी प्रोब कुठे लावली होती?

बहुतेक जण लाल प्रोब कपलरच्या पिनला लावतात आणि काळी जवळच्या एखाद्या बोल्टला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. असं मोजलं की मीटरपुरता अर्थचा (अर्थिंगचा), म्हणजे करंट बॅटरीकडे परतण्याचा रस्ता तुम्ही स्वतःच्या हाताने जोडून देता. बल्बला तो रस्ता मिळत नाही. त्याचा अर्थ त्याच कपलरच्या दुसऱ्या पिनमधून, एका काळ्या किंवा तपकिरी वायरीतून, बॉडीवरच्या कुठल्या तरी बोल्टपर्यंत जातो आणि नेमका तो बोल्ट गंजलेला असतो. म्हणजे तुमच्या मोजण्यातून कळलं ते इतकंच, की करंट बल्बपर्यंत येतो. तो परत जातो की नाही, हे बघायचं राहूनच गेलं.

तुम्ही म्हणाल, मी दोन्ही प्रोब कपलरच्या दोन पिनांमध्येच लावल्या होत्या. तरीही त्या १२.४ वर विश्वास ठेवू नका. साध्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स बहुधा १ कोटी ओम असतो. समजा पिनवर काळपट थर बसून तिथे ५० ओमचा अडथळा तयार झाला आहे. १ कोटीपुढे ५० म्हणजे काहीच नाही, त्यामुळे मीटर खुशाल १२.४ दाखवणार. आता तिथे ५५ वॉटचा बल्ब लावा. थंड फिलॅमेंटचा रेझिस्टन्स अर्ध्या ओमच्याही आत असतो. (नवा बल्ब मीटरवर तपासून तो शॉर्ट आहे समजून परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, थंड बल्ब तसाच दिसतो.) त्या ५० ओममधून जेमतेम पाव अँपिअर करंट जाईल आणि बल्बच्या वाट्याला एका व्होल्टचा दहावा हिस्सा येईल न येईल. पेटायला त्याला साडेचार अँपिअर लागतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसे हे १२ व्होल्ट.

म्हणून पहिलं हत्यार मीटर नव्हे, टेस्ट लॅम्प. तोही एलईडीवाला पेनासारखा टेस्टर नको, कारण तो मीटरइतकाच भोळा असतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा जुना बल्ब घ्या, त्याला दोन हातभर वायरी झाळा, टोकांना क्लिप लावा. झालं. हेडलाइटचा बल्ब काढा, लाइट चालू करा आणि कपलरच्या दोन पिनांमध्ये हा बल्ब जोडा. झगझगीत पेटला तर वायरिंग ठीक आहे; मग नवा बल्ब, त्याच्या पिना आणि कपलरची पकड बघायची. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर अर्थची क्लिप पिनेवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पेटला? दोष अर्थमध्ये. तरीही नाही पेटला, तर पॉझिटिव्ह बाजूला. दोन मिनिटांत अर्धी गाडी तपासातून बाद झाली. एक खबरदारी मात्र घ्या. हा टेस्ट लॅम्प सरसकट कुठेही खुपसायचा नसतो. पिवळ्या रंगाचे कपलर साधारणपणे एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. एलईडी हेडलाइटच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटच्या, आउटपुटलाही हा जोडायचा नाही.

बाजू कळली की मीटर काढा, पण मोजायचं लोड चालू असताना. बल्ब जागेवर, कपलर घातलेला, इंजिन चालू, हेडलाइट लावलेला. टाचणीसारखी बारीक सुई कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने आत सरकवा; वायरीचं इन्सुलेशन भोसकू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल प्रोब कपलरच्या अर्थ पिनेला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. क्लॅम्पला नव्हे, शिशाच्या खांबालाच, कारण कधी कधी दोष क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येच लपलेला असतो. जे आकडे येतील ते म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. ०.२ च्या आत असेल तर अर्थ उत्तम. अर्धा व्होल्ट आला तर काम काढायचं. त्याहून जास्त आला तर गुन्हेगार सापडला. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच: लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला, काळी बल्बच्या येणाऱ्या पिनेला. इथे फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), हाताचा स्विच, कपलर असे बरेच टप्पे असतात, म्हणून अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो.

एक गाडी सांगतो. एका बाजूचा हेडलाइट मंद, तीन बल्ब बदलून झालेले, मालकाने नवी असेंब्लीही आणून डिकीत ठेवलेली. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या दोन पिनांमध्ये ११.६. पॉझिटिव्ह बाजूची गळती ०.३, म्हणजे तक्रार नाही. अर्थ बाजूला २.२. काळी प्रोब बॅटरीवर तशीच ठेवून मी लाल प्रोब वाटेवर एकेक पाऊल सरकवत गेलो. कपलरच्या पिनेवर २.२. अर्थच्या वायरीच्या टोकाला जे गोल थिंबल असतं, त्यावर २.१. थिंबलच्या बाजूला बॉडीचा रंग नखाएवढा खरवडून तिथे प्रोब टेकवली तर ०.०५. थिंबल आणि पत्रा यांच्यात कागदाएवढंही अंतर नव्हतं, आणि तेवढ्यात दोन व्होल्ट जिरत होते. बोल्ट काढला. थिंबलखाली पत्र्यावर छान तुकतुकीत रंग. कधी तरी ठोकर लागून पुढचं पॅनेल रंगवलं होतं आणि थिंबल रंगावरच आवळलं होतं. रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. आवळल्यानंतर, आधी नव्हे. चौथ्या बल्बची गरजच पडली नाही आणि डिकीतली असेंब्ली परत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा प्रकार हेडलाइटच्या कामात रोज चालतो.

दोन-अडीच व्होल्टने काय होतंय, असं वाटू शकतं. हॅलोजनच्या उजेडाचं गणित सरळ नाही. व्होल्टेज १५ टक्क्यांनी घटलं तर उजेड १५ टक्क्यांनी नाही, ४० टक्क्यांच्या आसपास घटतो आणि पिवळा पडतो. उलट बाजूनेही तसंच: व्होल्टेज ५ टक्के वाढलं की बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खराब अर्थची आणखी एक गंमत जुन्या एच४ बल्बच्या गाड्यांत दिसते, आणि ती ओळखता आली तर मीटरसुद्धा काढावा लागत नाही. एच४ मध्ये एकाच काचेत दोन फिलॅमेंट असतात, लो बीमचं ५५ वॉटचं आणि हाय बीमचं ६० वॉटचं. दोघांचा अर्थ एकच. तो तुटला की लो बीमला आलेला करंट परतीची वाट शोधत उलट्या दिशेने हाय बीमच्या फिलॅमेंटमध्ये शिरतो, तिथून हाय बीमच्या वायरीने पलीकडच्या हेडलाइटच्या फिलॅमेंटमधून अर्थला पोचतो. दिसतं काय? या बाजूची दोन्ही फिलॅमेंट्स मंद, तांबूस. पलीकडच्या हेडलाइटचं हाय बीमही किंचित जळतंय. आणि डॅशबोर्डवरचा हाय बीमचा निळा दिवा लो बीमवर असतानाच मिणमिणतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लोक स्विच बदलतात, रिले बदलतात, आणि दोष एका बोल्टखाली. तुमच्या गाडीत एच४ असेल तर आज रात्री लो बीम लावून त्या निळ्या दिव्याकडे नीट बघा.

पॉझिटिव्ह बाजूला सगळ्यात आधी बल्बचा कपलर काढून उजेडात धरा. पांढरं किंवा फिकट प्लॅस्टिक पिनांभोवती तपकिरी झालंय का, पिनेची स्प्रिंग सैल झालीय का, आतल्या पत्र्याचा रंग निळसर-काळा आहे का. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. हे चक्र एकदा सुरू झालं की नवा बल्ब त्यातून गाडी काढू शकत नाही. उलट जुन्या जळक्या कपलरमध्ये घातलेल्या नव्या बल्बच्या पिनाही काळ्या पडतात. होल्डर बदलताना वायर मागे कापत जा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं झाळ धरत नाही आणि क्रिंपही (वायरीवर दाबून बसवलेला धातूचा जोड) नीट बसत नाही. मी क्रिंप करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवतो. नुसती झाळलेली वायर गाडीच्या थरथरीने झाळ संपते तिथेच तुटते, हे अनुभवाने शिकलो. वायर १.५ चौरस मिलिमीटरहून बारीक नको. आणि होल्डर जळण्याचं कारण १०० वॉटचे बल्ब असतील, तर नवा होल्डरही जळणारच. ५५ वॉटच्या वाटेवर १०० वॉट घातले की होल्डर, स्विच, रिफ्लेक्टरची चांदी सगळं हळूहळू भाजतं.

फ्यूजबद्दल दोन शब्द. फ्यूज डोळ्यांनी तपासू नका. तार शाबूत दिसते आणि पाय गंजलेला असतो. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात. लाइट चालू ठेवून दोन्हीवर टेस्ट लॅम्प टेकवा, दोन्हीकडे पेटला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या लो बीमला वेगवेगळे फ्यूज असतात, तेव्हा तुम्ही डावाच तपासला आहे ना, तेही बघा. रिले तपासायला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले आलटून पालटून लावा. रिले टिकटिकतो म्हणजे तो चांगला आहे असं मुळीच नाही. टिकटिक कॉइलची असते, काम कॉन्टॅक्टचं. ३० आणि ८७ या दोन पायांमध्ये लोडवर किती व्होल्ट गळतात ते मोजलं की कळतं. पण तुमचा एकच लो बीम बंद आहे, आणि अनेक गाड्यांत दोन्हींना मिळून एकच रिले असतो. तसं असेल तर त्याच्या मागे लागू नका.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका, गाडी जाळायची असेल तर गोष्ट वेगळी. हेडलाइटचे बल्ब काढून ठेवा आणि फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा टेस्ट लॅम्प जोडा. लाइट चालू केल्यावर तो पेटला तर वायर कुठे तरी बॉडीला टेकली आहे. आता एक माणूस लॅम्पकडे बघेल आणि दुसरा वायरिंग हळूहळू हलवत जाईल: बोनेटच्या लॉकपाशी, बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटच्या मागच्या धारदार पत्र्यापाशी. जिथे हलवल्यावर दिवा विझला, तिथेच जखम.

बल्ब दर दोन-तीन महिन्यांनी उडत असेल, तर उडालेला बल्ब फेकू नका, वाचा. काच आतून दुधाळ पांढरी झाली असेल तर काचेला तडा जाऊन आत हवा शिरली. काचेवर एका जागी फुगवटा किंवा धुरकट डाग असेल तर तिथे बोटाचं तेल लागलं होतं. हॅलोजनची काच हाताने धरायची नसते, धरली गेलीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच लावायची. काच स्वच्छ आणि फिलॅमेंट मधोमध तुटलेलं असेल तर हादरे: हेडलाइटचा एखादा कान तुटलेला असतो आणि सगळी असेंब्ली थडथडत असते. फिलॅमेंटच्या टोकांना वितळून गोळी झाली असेल तर ऑल्टरनेटरकडे वळा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. १५ च्या वर गेले की मघाचं ५ टक्क्यांचं गणित आठवा. दोन्ही बल्ब आठवड्याच्या अंतराने गेले, तर मात्र त्यात काही गूढ नाही. दोघे एकाच दिवशी लागले होते, तितकेच तास जळले होते. म्हणून बदलताना मी जोडीने बदलतो आणि चांगला निघालेला डिकीत ठेवायला सांगतो.

आता डीआरएल. इथे पहिला प्रश्न वेगळा: तो खरोखर बिघडला आहे का? डीआरएल बंद होणं ही पुष्कळदा गाडीची शिस्त असते. हेडलाइट लागला की डीआरएल बंद होतो किंवा मंद होऊन पार्किंग लाइटचं काम करतो. दिवसासाठी तो ४०० ते १,२०० कँडेलाचा असतो, रात्री तेवढा समोरच्याच्या डोळ्यांवर येईल. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल विझणं किंवा मंदावणं हेही कित्येक गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं, इंडिकेटर उठून दिसावा म्हणून. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असताना डीआरएल लागत नाही. माझ्याकडे एकदा दोन्ही डीआरएल गेल्याची तक्रार आली होती. दोष निघाला हँडब्रेकच्या स्विचमध्ये, तो आतच अडकून बसला होता. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा सतत पेटत होता, पण मालकाला त्याची सवय झाली होती. आणखी एक: ऑटो लाइटचा सेन्सर बहुधा काचेजवळ डॅशबोर्डवर किंवा आतल्या आरशामागे असतो. त्यावर कापड, स्टिकर, देवाची मूर्ती, काहीही आलं की गाडीला रात्र वाटते आणि ती डीआरएल मंद करून हेडलाइट लावते. सेटिंगच्या मेनूत कुणी डीआरएल बंद करून ठेवला आहे का, हेही बघून घ्या.

तुमचा मात्र एकच, उजवा, आणि कधी लागतो कधी नाही. त्या वेळी उजवा इंडिकेटर चालू नव्हता ना, एवढी खात्री करा. नसेल, तर पुढे सगळं डीआरएलच्या जातीवर आहे. बल्बवाला असेल (पी२१डब्ल्यू, पी१३डब्ल्यू वगैरे) तर लो बीमसारखीच तपासणी: होल्डर, पिना, अर्थ. एलईडीची पट्टी असेल तर ती कशी बंद पडते ते बघा. पट्टीचा एक तुकडाच काळा असेल तर आतल्या एलईडींची एक साखळी तुटली; त्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, एक गेला की पूर्ण साखळी गेली. थंड गाडीत लागतो आणि दहा मिनिटांनी विझतो, तर आतल्या सर्किटवर झाळेला चीर, गरम झाल्यावर उघडणारी. ही दोन्ही दुखणी हेडलाइटच्या आतली आहेत. खड्ड्यात चाक गेल्यावर लागतो-विझतो, किंवा बोनेट आपटल्यावर जागा होतो, तर मात्र आशा आहे: कपलर काढा आणि पिनांवर हिरवट पावडर आहे का बघा. तांब्याचा गंज तसाच दिसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पिना जराशा दाबून पुन्हा बसवा. कपलर आतून ओला असेल तर पाणी वायरीतून वर चढून आलेलं असू शकतं, तेव्हा थोडी वायर उघडून बघा.

काही जुन्या गाड्यांत डीआरएलला वेगळा दिवाच नसतो. दोन्ही हाय बीम एकामागे एक जोडून प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज देतात आणि त्यालाच डीआरएल म्हणतात. तिथे एका बाजूचं हाय बीम उडालं की दोन्ही डीआरएल एकदम जातात आणि लो बीम मात्र ठणठणीत. माणूस कंट्रोल मॉड्यूलच्या मागे लागतो, आणि उत्तर डिपर मारून बघण्यात असतं.

नव्या गाड्यांत फ्यूज-रिलेच्या जागी बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, थेट दिव्याला करंट देतो, आणि तो करंट एकसंध नसतो. सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणारे ठोके असतात. मंद केलेल्या डीआरएलवर मीटर एखाद-दीड व्होल्ट दाखवेल. तो त्या ठोक्यांचा सरासरी आकडा आहे, वायर खराब असल्याचा पुरावा नव्हे. मॉड्यूल दिवा जाग्यावर आहे का, हे करंट मोजून बघत असतो, म्हणूनच हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब घातला की तो लुकलुकतो किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा येतो. आणि शॉर्ट पुन्हा पुन्हा झाला तर काही मॉड्यूल ती वाट कायमची बंद करून ठेवतात. वायर दुरुस्त केली तरी स्कॅनर (मॉड्यूलमधल्या दोषांच्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून ती नोंद पुसल्याशिवाय दिवा लागत नाही. वायरिंग स्वच्छ आहे, बल्ब चांगला आहे आणि पिनेवर काहीच येत नाही, अशी वेळ आली तर स्कॅनरवर जा. त्याआधी नको.

त्या बदली एलईडी बल्बांबद्दल माझं मत चांगलं नाही. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या फिलॅमेंटच्या जागेशी बेतलेला असतो. चिप त्या जागेपासून एखादा मिलिमीटर सरकली तरी प्रकाशाची कापलेली वरची रेघ विस्कटते, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो आणि आपल्याला वाटतं, काय झकास दिसतंय! शिवाय त्यांच्या मागचा पंखा हेडलाइटच्या मागच्या टोपणात मावत नाही, म्हणून लोक टोपण काढून टाकतात. मग धूळ आणि पाणी थेट आत, आणि सहा महिन्यांनी मंडळी कपलर गंजला म्हणून येतात.

पाण्यावरून आठवलं. काचेवर आतून हलकं धुकं धरणं हा दोष नाही. हेडलाइटला श्वासाची छिद्रं असतात. लाइट लावून थोडं चालवलं की धुकं जातं. तळाशी पाणी साचलेलं दिसलं किंवा थेंब ओघळले तर दोष. आधी मागचं रबर किंवा टोपण नीट बसलंय का ते बघा, विशेषतः नुकताच बल्ब बदलला असेल तर. तुम्ही दोनदा बदललाय, म्हणजे ते टोपण दोनदा उघडलंय.

झेनॉन असेल तर प्रकार निराळा. पेटताना तिथे २० हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो, तेव्हा बॅटरी सोडवल्याशिवाय हात घालू नका आणि टेस्ट लॅम्प तर अजिबात नको. प्रकाश गुलाबी-जांभळा होऊ लागला, किंवा काही मिनिटांनी विझून स्विच बंद-चालू केल्यावर पुन्हा लागला, तर बल्बचं वय झालं. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा: दोष बल्बाबरोबर गेला तर बल्ब, जागेवरच राहिला तर बॅलास्ट (तो मोठा दाब तयार करणारा डबा) किंवा त्याची वायर.

तर तुमच्यासाठी क्रम असा. संध्याकाळी इंजिन चालू करून, लो बीम लावून, डाव्या कपलरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत मोजा. बल्ब अजिबात पेटत नसेल आणि इथे १२-१३ व्होल्ट आले, तर अर्थ पूर्ण तुटला आहे. एक वायर त्या पिनेपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दिवा लागला की निदान पक्कं. इथे शून्य आलं आणि बल्बच्या येणाऱ्या पिनेवरही काही नसेल, तर अडथळा पॉझिटिव्ह वाटेत, कपलरपासून फ्यूजकडे मागे मागे जात शोधा. उजव्या डीआरएलचा अर्थ त्याच्या बाजूच्या बोल्टला असेल. गाडी दोन्हीकडे सारखीच जुनी आहे, तेव्हा डावा बोल्ट काढाल त्याच दिवशी उजवाही काढून साफ करा, मग डीआरएलचा कपलर बघा.

हे सगळं झाल्यावर बीमची उंची तपासायला विसरू नका, बल्ब दोनदा काढला-घातला आहे. एच७ किंवा एच४ खाचेत तिरका बसला तरी पेटतो, फक्त उजेड झाडांवर जातो. सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, आतलं लेव्हलचं चाक शून्यावर आणा. बऱ्याच हेडलाइटवर १.० टक्के असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ १० मीटरवर उजेडाची वरची रेघ बल्बच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी. डाव्या-उजव्या रेघा एका पातळीत नसतील तर स्क्रूला हात लावण्याआधी बल्ब एकदा काढून पुन्हा नीट बसवा.